मळमड्डी ते वास्को : बालसंरक्षणाची साखळी आणि तिच्या कड्या

धारवाड रेल्वे स्थानकालगतची मळमड्डी ही शहरातील जुनी वस्ती. कर्नाटक एज्युकेशन बोर्डाच्या शाळा, मठ-मंदिरे आणि कन्नडबरोबर मराठीही कानी पडणारी घरे ही तिची ओळख. येथून निघणारा लोहमार्ग अळणावर, लोंढा, कॅसलरॉक असा जात घाट उतरतो आणि कुळे, मडगाव करीत वास्कोला पोहोचतो. गोव्यातील बांधकामे, हॉटेले, बंदर आणि घरकाम यांसाठी उत्तर कर्नाटकातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने येत आली. त्यांच्यासोबत त्यांची मुलेही आली. काही मुले एकटी आली, तर काहींना कामाचे वा शिक्षणाचे आमिष दाखवून कोणीतरी आणले.

रेल्वेच्या हिशेबी धारवाड आणि वास्को ही दोन्ही स्थानके नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात मोडतात. मुलांच्या संरक्षणाची यंत्रणा मात्र राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विभागलेली आहे. गाडीत बसलेले मूल काही तासांत ही सीमा ओलांडते. त्याची काळजी घेण्याची जबाबदारी तितक्या सहजतेने ओलांडतेच असे नाही. कायद्यांची उणीव दोन्ही बाजूंना नाही. कायद्याची साखळी पहिली कडी हलल्याशिवाय हलत नाही, आणि ही पहिली कडी बहुतेक वेळा शेजारी, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, हॉटेलचा कर्मचारी किंवा सहप्रवासी असते. ही साखळी कशी घडली, तिच्यात कोणत्या कड्या आहेत आणि त्या कोठे निखळतात, याचा हा आढावा.

शोषणाची व्याप्ती

बालशोषण म्हटले की लैंगिक अत्याचार डोळ्यांपुढे येतो. परंतु मारहाण, उपासमार, दुर्लक्ष, सततचा अपमान, मुलांकडून करून घेतलेली मजुरी किंवा भीक, बालविवाह, खरेदी-विक्री आणि समाजमाध्यमांतून होणारी फसवणूक हीदेखील शोषणाचीच रूपे आहेत. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशभरात मुलांविरुद्धच्या १,६२,४४९ गुन्ह्यांची नोंद झाली.

हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर घडणाऱ्या प्रकारांपैकी फार थोडे पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतात, हे उघड होते. त्याचे कारणही जगजाहीर आहे. अत्याचार करणारा बहुधा अनोळखी नसतो. तो नातलग, शेजारी, शिकवणारा, मालक किंवा घरी ये-जा करणारा असतो. मुलाने सांगितले तरी घरातील मोठ्यांना ते मानणे जड जाते, आणि मानले तरी अब्रू, रोजगार व नाती यांची भीती आड येते.

मुंबई इलाख्यातील पूर्वपीठिका

धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मुलांच्या संरक्षणाचा येथील इतिहास महाराष्ट्राच्या सामाजिक सुधारणांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत मुलीचे संमतिवय १० वर्षे होते. बालपणी झालेल्या विवाहानंतर सासरी नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याने १८८० च्या दशकात मुंबई इलाखा ढवळून निघाला. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध चालवलेल्या चळवळीमुळे हा प्रश्न इंग्लंडपर्यंत पोहोचला. १८९१ मध्ये संमतिवय १२ वर्षे झाले, तेही लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यांचा विरोध पत्करून. परक्या सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, हा त्या विरोधामागचा मुद्दा होता. घरातील मुलाच्या प्रश्नात बाहेरच्याने पडावे की नाही, हा वाद तेव्हापासून आजतागायत निराळ्या शब्दांत सुरूच आहे.

पुढे मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्यामागोमाग १९२४ मध्ये मुंबई इलाख्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. निराधार आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याचे तत्त्व त्यातून रुजले. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नांतून झालेला बालविवाह प्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि मुलींचे विवाहाचे किमान वय १४, तर मुलांचे १८ ठरले.

सरकारी कायद्यांच्या बरोबरीने समाजही हालचाल करीत होता. सारडा कायदा संमत होण्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, भागीरथीबाई पुराणिक यांनी धारवाडात वनिता सेवा समाजाची स्थापना केली. विधवा आणि निराधार स्त्रिया व मुली यांना आसरा, शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन देणे हा या कार्याचा गाभा होता. पुण्यात महर्षी कर्वे यांनी विधवांच्या शिक्षणासाठी उभारलेल्या कार्याच्याच जातीचे हे काम. बालवयात लग्न आणि बालवयातच वैधव्य आलेल्या मुलीला कायदा वाचवू शकत नव्हता. तिला घर आणि शाळा हवी होती. संरक्षण म्हणजे केवळ गुन्हेगाराला शिक्षा नव्हे, ही जाणीव धारवाडला तेव्हापासूनची आहे.

देवदासी प्रथा आणि बालविवाह

धारवाडच्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथे रेणुका-यल्लम्माचे प्रसिद्ध देवस्थान आहे. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र यांतील गरीब, विशेषतः दलित कुटुंबांतील मुलींना देवाला सोडण्याची प्रथा या परिसरात दीर्घकाळ होती. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुलीला देवाला वाहणे बेकायदा ठरवले. कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतःचा कठोर प्रतिबंधक कायदा केला. तरीही कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळाच्या १९९३-९४ आणि २००७-०८ या दोन सर्वेक्षणांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली. बंदीमुळे उघड विधी थांबले, परंतु गुपचूप होणारे विधी थांबवायला गावातीलच डोळे लागले. आपल्या मुलींना या वाटेने जाऊ न देणाऱ्या माजी देवदासींच्या संघटना आणि बचतगट यांचे महत्त्व येथे आहे.

गोव्यालाही हा अनुभव परका नाही. गोमंतक मराठा समाजाने देवळांच्या सेवेशी बांधलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण आणि विवाह यांची वाट खुली करण्याचे काम केले. समाजाने स्वतःहून बदल घडवला, की प्रथा एक-दोन पिढ्यांत कशी मागे पडते, याचे गोमंतकातील हे उदाहरण आहे.

बालविवाहाबाबत कर्नाटकाने देशाला वाट दाखवली. न्यायमूर्ती शिवराज पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानंतर राज्याने केंद्राच्या २००६ च्या कायद्यात दुरुस्ती केली. केंद्रीय कायद्यानुसार बालविवाह सरसकट रद्द ठरत नाही. अल्पवयात विवाह झालेल्या व्यक्तीने न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. कर्नाटकाच्या दुरुस्तीने असा विवाह मुळापासूनच अवैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात या दुरुस्तीचा गौरवाने उल्लेख केला आणि इतर राज्यांनीही हा मार्ग अनुसरावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. कर्नाटकातील ग्रामपंचायतींत भरणाऱ्या मुलांच्या ग्रामसभा, ज्यांना कन्नडमध्ये ‘मक्कळ ग्रामसभा’ म्हणतात, हाही उल्लेखनीय प्रयोग आहे. शाळेची वाट असुरक्षित असणे, वर्गमैत्रिणीचे लग्न ठरणे असे विषय मुले तेथे स्वतः मांडू शकतात. धारवाडमध्ये ‘किड्स’ या नावाने ओळखली जाणारी कर्नाटक इंटिग्रेटेड डेव्हलपमेंट सर्व्हिसेस ही संस्था ग्रामीण स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काम करते.

१९९१ नंतरचा गोवा

गोव्याला या प्रश्नाकडे पाहण्यास भाग पाडले ते मडगावजवळील फातोर्डा येथील प्रकरणाने. तेथे मुलांसाठी वसतिगृह चालवणारा फ्रेडी पीट्स याला एप्रिल १९९१ मध्ये अटक झाली. समाजात सभ्य, परोपकारी गृहस्थ अशी त्याची प्रतिमा होती. आश्रयाला आलेल्या मुलांचे तो शोषण करीत होता आणि परदेशी पर्यटकांनाही ती उपलब्ध करून देत होता, हे तपासात उघड झाले. शीला बर्से यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि १९९६ मध्ये पीट्सला जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे तुरुंगवासातच त्याचा मृत्यू झाला.

या प्रकरणाचा धडा दुहेरी होता. एक म्हणजे, ‘चांगला माणूस’ ही प्रतिमाच मुलांवरील अत्याचाराचे कवच होऊ शकते. दुसरे म्हणजे, पर्यटनाच्या अर्थव्यवस्थेत मुलांच्या शोषणाला बाजार मिळू शकतो. त्यानंतरच्या वर्षांत पणजीतील ‘चिल्ड्रन्स राइट्स इन गोवा’, मडगावची ‘जन उगाही’ आणि वास्कोत काम करणारी ‘अर्ज’ अशा संस्थांनी हा विषय लावून धरला. ‘अर्ज’ म्हणजे ‘अन्यायरहित जिंदगी’. या संस्थेने १९९७ पासून बायणा येथील वस्तीत काम सुरू केले. त्या वस्तीतील अनेक स्त्रिया उत्तर कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या होत्या. २००४ मध्ये ती वस्ती पाडण्यात आली. घरे पाडली तरी शोषणाचा व्यापार केवळ जागा बदलतो, हे त्यानंतरच्या काळात दिसून आले.

२००३ चा गोवा बाल कायदा हे या मंथनाचे फळ. केंद्राने मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा केला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. गोव्याच्या कायद्याने स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देताना ते कुटुंबासोबत वा नातलगांसोबत नोंदणी करून राहत आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी हॉटेलचालकावर टाकली. मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास पोलिसांना कळवणे छायाचित्रे धुऊन देणाऱ्यांना बंधनकारक केले. विमानतळ, सीमा, रेल्वे आणि वाहतूक पोलिसांनी संशयास्पद परिस्थितीत मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या प्रौढांची माहिती कळवावी, अशीही तरतूद त्यात आहे. धारवाडहून वास्कोला येणाऱ्या गाडीच्या डब्यापर्यंत पोहोचणारी ही तरतूद आहे. मात्र ती फारशा प्रवाशांना ठाऊक नसते.

राष्ट्रीय कायद्यांची चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत भारत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चौकटीचे तीन मुख्य खांब आहेत.

पहिला, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगी असो वा मुलगा, त्याच्या कक्षेत येते. कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपीच्या समोर आणायचे नसते. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. खटला शक्यतो एका वर्षात संपवावा, असे कायदा सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवल्या. नागपूर खंडपीठाचा ‘त्वचेचा त्वचेला स्पर्श’ हवा असे सांगणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला आणि कृत्यामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, असे स्पष्ट केले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मुलांच्या शोषणाची दृश्ये स्वतःजवळ बाळगण्याबाबतही कठोर भूमिका घेतली.

दुसरा खांब, २०१५ चा बाल न्याय कायदा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा निर्णय घेण्याचा अधिकार जिल्हा बालकल्याण समितीकडे असतो. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीपुढे सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत हजर करावे लागते.

तिसरा खांब, बालमजुरीविरोधी कायदा. ऑक्टोबर २००६ पासून घरकाम, हॉटेले आणि धाबे यांत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने कौटुंबिक व्यवसाय व कलाक्षेत्रातील काही अपवाद वगळता १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई केली, आणि १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामांपासून दूर ठेवले. ‘शिकायला आणले आहे, घरात थोडी मदत करते’ हे वाक्य या कायद्यापुढे टिकत नाही.

सीमा ओलांडलेले मूल

उत्तर कर्नाटकातील एखादे मूल वास्को किंवा मडगाव स्थानकावर एकटे आढळले, तर पुढे काय व्हायला हवे? रेल्वे मंत्रालयाच्या २०१५ च्या कार्यपद्धतीनुसार रेल्वे कर्मचारी आणि रेल्वे सुरक्षा दल यांनी त्याला ताब्यात घेऊन बालसंरक्षण यंत्रणेकडे सोपवावे. रेल्वे सुरक्षा दलाची ‘नन्हे फरिश्ते’ ही मोहीम याच कामासाठी आहे. त्यानंतर मूल स्थानिक बालकल्याण समितीपुढे येते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९५ नुसार समिती चौकशी करून, मुलाच्या मूळ जिल्ह्यातील समितीशी विचारविनिमय करून, त्याला तेथे पाठवण्याचा आदेश देऊ शकते. मूल एकटे पाठवता येत नाही; मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस देण्याची तरतूद आहे.

मुलाला परत पाठवणे म्हणजे त्याला गाडीत बसवून देणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते. ज्या घरातून ते पळाले किंवा ज्या घराने त्याला कामावर धाडले, तेथेच ते पुन्हा पोहोचले, तर काही महिन्यांत तेच मूल त्याच मार्गाने परत येऊ शकते. म्हणून घरची पाहणी, शाळेतील प्रवेश, कुटुंबाला मिळू शकणाऱ्या योजना आणि पुढील पाठपुरावा हे सारे मूळ जिल्ह्यातील यंत्रणेने करायचे असते. दुसऱ्या टोकाला, धारवाड किंवा हुबळीत मूल हरवल्याची तक्रार आली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार पोलिसांना गुन्हा नोंदवूनच तपास करावा लागतो. ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून परत पाठवता येत नाही.

कड्या निखळतात कोठे

व्यवहारात चार ठिकाणी ही साखळी तुटण्याचा धोका असतो.

भाषा हा पहिला अडसर. कन्नड बोलणारे मूल कोकणी-मराठी भाषक पोलीस ठाण्यात बसले, की त्याचे म्हणणे अर्धेच कागदावर उतरते. कायद्याने दुभाष्याचा हक्क दिला आहे. तो मागितला गेला पाहिजे, आणि दुभाषी म्हणून मुलाला घेऊन आलेल्या संशयित व्यक्तीलाच बसवले जाता कामा नये.

दुसरा अडसर स्थलांतराचा. काम संपले की कुटुंब गावी परतते. खटला गोव्यात आणि साक्षीदार धारवाड-गदग परिसरात, अशी स्थिती येते. २०२० च्या पोक्सो नियमांत मुलासोबत खटला संपेपर्यंत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची आणि अंतरिम भरपाईची तरतूद आहे. तिचा उपयोग झाला, तर कुटुंबाचा धीर टिकतो.

तिसरा अडसर तडजोडीचा. आरोपी घरातील कमावता असतो किंवा मजुरी देणारा मुकादम असतो. पैसे घेऊन प्रकरण मिटवण्याचा आग्रह जवळचेच लोक धरतात. हे गुन्हे आपापसांत मिटवण्याजोगे नाहीत, हे पंचायत सदस्य आणि समाजातील वडीलधारी मंडळी यांनी ठणकावून सांगणे आवश्यक असते.

चौथा अडसर शाळांचा. संस्थेचे नाव खराब होईल, या भीतीने प्रकरण ‘आतल्या आत’ हाताळले जाते. कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र गुन्हा आहे.

नागरिकाने काय करावे

१०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेली ही सेवा २०२३ पासून राज्यांच्या महिला व बालविकास खात्यांमार्फत चालवली जाते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. कर्नाटकात आणि गोव्यात क्रमांक एकच आहे. फोन करणाऱ्याकडे पुरावा असण्याची गरज नसते. साधार संशय पुरेसा असतो. सद्‌भावनेने दिलेल्या माहितीसाठी माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

मुलाने काही सांगितले, तर ते शांतपणे ऐकावे. ‘आधी का नाही सांगितलेस?’ असे विचारू नये. पुनःपुन्हा खोदून विचारणे टाळावे, कारण ते काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. त्याऐवजी ‘तुला मदत करू शकतील अशांनाच सांगू’ असे म्हणावे. अत्याचार नुकताच झाला असेल, तर कपडे न धुता आणि आंघोळ न घालता मुलाला सरकारी इस्पितळात न्यावे. पोलीस तक्रार झालेली नसली, तरी उपचार नाकारता येत नाहीत. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये, सहानुभूतीपोटीसुद्धा नाही.

मळमड्डीच्या शाळेतील शिक्षिकेला वर्गातील एखादी मुलगी अचानक येईनाशी झाल्याचे सर्वांत आधी कळते. वास्कोतील शेजाऱ्यांना समोरच्या घरात नव्याने आलेली लहान मोलकरीण सर्वांत आधी दिसते. ती मुलगी कदाचित एकच असते. पहिल्या ठिकाणी विचारपूस झाली, तर तिचा प्रवास टळू शकतो. ती राहून गेली, तर दुसऱ्या ठिकाणी केलेला एक फोन तिला परत शाळेपर्यंत नेऊ शकतो. समिती, न्यायालय आणि पोलीस यांचे काम त्यानंतर सुरू होते.